आर्लिस धक्क्यावर राहिली

मिनेसोटातल्या आमच्या गावात आर्लिस हॉकन्सन म्हणजे गरीब गाय. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात बटाट्याचा लगदा वाढत तिने जन्म काढला. कुणाला उलटून बोलणं नाही, चर्चच्या जेवणानंतर भांडी घासायला सगळ्यात शेवटी हीच. पण वर्षातून एकदा नवऱ्याबरोबर जहाजावर चढली, की या गायीला अशी शिंगं फुटायची की काही विचारू नका.

क्रूझवाल्या आमच्या लोकांचा एक लाडका खेळ आहे. जहाज बंदरातून सुटायच्या वेळी पेले भरून गॅलरीत जमायचं आणि उशीर झालेल्यांना धक्क्यावरून धावताना बघायचं. टाळ्या पिटायच्या, शिट्ट्या मारायच्या, आणि जहाज चुकलंच कुणाचं, तर हात हलवून निरोप द्यायचा. माणुसकी येताना घरी फ्रीजमध्ये ठेवून येतात मेले!

आर्लिसचा नवरा ड्वेन या खेळात पट्टीचा. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवून थकलेला गडी. घरी बायकोशी बोलणं म्हणजे "मीठ दे" आणि "दार लाव". पण गॅलरीत आर्लिसने एखादा टोमणा हाणला की मांडीवर थाप मारून हसायचा, तिच्या खांद्यावर हात टाकायचा आणि शेजारच्यांना सांगायचा, "ऐकलंत का? आमची आर्ली म्हणजे सुरी आहे, सुरी!" खांद्यावरच्या त्या हातासाठी ती बाई अख्खा हिवाळा काढायची.

गेल्या वर्षी एक तरुण आई कडेवर पोर घेऊन धावत होती. आर्लिस वरून ओरडली, "पोर टाक आणि पाय उचल गं बाई!" सगळी गॅलरी खिदळली. जहाज सुटलं, ती आई धक्क्यावर फतकल मारून रडायला लागली आणि ड्वेनचं हसून हसून पोट दुखलं. आर्लिसलाही छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ड्वेनने तिला नवीन घड्याळ दिलं. आपली वेळ आपणच लावून घेणारं. "ते जुनं डबडं फेकून दे," म्हणाला. तिने लगेच फेकलं. चाळीस वर्षांत त्याने आपणहून दिलेली ही पहिलीच वस्तू.

जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "चल ना रे तूही. आज तरी दोघं जाऊ."

"मी काय करू येऊन? सगळे उतरले की पोहायचा तलाव मोकळा असतो," ड्वेन म्हणाला. "तू जा. आणि माझी ती मिरचीची चटणी आण. गावातनं आण हं, धक्क्यावरचे दुकानदार लुटतात."

ती गेली. दुकान बंद होतं, तर उघडेपर्यंत समुद्राकाठी एकटीने मासा खाल्ला. घड्याळात पाहिलं, वेळ भरपूर होता. चटणीची बाटली घेऊन रमतगमत टॅक्सीत बसली, तर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जहाज तुमचंच ना? भोंगे देतंय की केव्हाचं!"

आर्लिसने कपाळावर हात मारून घेतला. जहाज चालतं फ्लोरिडाच्या वेळेने आणि बेट तासभर मागे. जुन्या खोडांना हे पाठ असतं. नवख्यांना दर वर्षी हीच सांगायची, "घड्याळाला हात लावाल तर बुडाल!" आणि त्या दीडशहाण्या घड्याळाने न विचारता बेटाची वेळ लावून घेतली होती.

ती धावली. दुखरं कंबरडं घेऊन, बाटली छातीशी धरून, लांबलचक धक्क्यावरून. वर गॅलऱ्या खच्चून भरलेल्या. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. तिने मान वर करून आपली गॅलरी शोधली. ड्वेन उभा होता, हातात पेला. हुश्श! याने पाहिलं मला, आता हा थांबवेल जहाज, असं तिला वाटलं.

ड्वेनने तोंडाशी हात धरला. "आर्ली! चटणी टाक आणि पाय उचल गं बाई!"

हशा असा उसळला की विचारता सोय नाही. आणि धावता धावता आर्लिसही हसली. सवयच ती.

ती पोचली तेव्हा शिडी काढून झाली होती आणि दोर सुटत होते. बंदरावर जहाजाचं काम बघणारी नायेली नावाची पोरगी पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत आर्लिसचा पासपोर्ट. चुकलेल्या माणसाचा पासपोर्ट खोलीतून काढून खाली देतात, हे आर्लिसला ठाऊक होतं. आणखीही एक ठाऊक होतं.

"माझा नवरा कुठल्या दाराने उतरतोय?" तिने धापा टाकत विचारलं. "सोबतच्या माणसाला उतरायचं का विचारतात ना गं? नियमच आहे."

नायेलीने पासपोर्टची पिशवी तिच्या हातात दिली.

"विचारलं ना त्याला?"

"विचारलं हो. जहाजावरच्या साहेबांनी तीनदा विचारलं."

"मग?"

"तुमचे यजमान म्हणाले, रात्रीच्या जेवणाचं टेबल आधीच सांगून ठेवलंय. तुमचं तुम्ही बघाल म्हणाले."

आर्लिसने मान वर करून जहाजाकडे पाहिलं. मेल्या, चाळीस वर्षं रे! दुसऱ्यांच्या बायकांना हसून हसून मी तुझा हात मिळवला आणि तू माझ्यासाठी एक जिना उतरला नाहीस! हे सगळं ती मनातच म्हणाली. जहाज धक्क्यापासून हातभर सरकलं, मग पुष्कळ. वरचे लोक निरोपाचे हात हलवत होते. त्यांत ड्वेन कुठला, ते आता कळेना.

ती खाली सिमेंटवरच बसली. नायेली शेजारी टेकली. "बाई, गोळ्याबिळ्या लागतात का तुम्हाला? वर तुमच्या यजमानांनाही विचारलं होतं. त्यांना काही माहीत नव्हतं. नावं सांगा, मी दुकानातून आणते."

"लागतात तर!" आर्लिस म्हणाली आणि घडाघडा सांगायला लागली. रक्तदाबाची सकाळी, अर्धी करून. साखरेची जेवणाआधी. गुडघ्यांची दुधाबरोबर, नाहीतर पित्त होतं. पोटाची रात्री. नायेली भराभर लिहून घेत होती.

मधेच आर्लिस थांबली. या सगळ्या ड्वेनच्या गोळ्या होत्या.

"आणि बाई, तुमच्या?" नायेलीने विचारलं.

आर्लिसने खूप आठवून पाहिलं. तिच्याही दोन होत्या, एक पांढरी आणि एक पिवळी. नाव एकीचंही आठवेना.