हात जाणार नाही अशी कडी

ग्रिलवाल्यांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला क्षणभर वाटायचं, आपण कुणाला तरी तुरुंगात भेटायला आलो की काय. दाराच्या पुढे लोखंडी दार, त्याच्या पुढे सरकतं दार, प्रत्येक खिडकीला गज. न्हाणीघराच्या झरोक्यातून चिमणीला आत यायचं तर अंग चोरावं लागेल, पण तिथंही दोन गज होतेच. गावातल्या निम्म्या खिडक्या या माणसाने गजाआड केल्या होत्या आणि उरलेलं लोखंड स्वतःच्या घराला लावलं होतं.

"डोकं जात नाही तिथून माणूस जात नाही," असं ते गिऱ्हाइकाला सांगत आणि दोन गजांमध्ये स्वतःचं डोकं घालून दाखवत. पण त्यांचं खरं नाव होतं कडीसाठी. कडीभोवती ते पत्र्याची अशी पेटी बसवत, की पलीकडून कुणी हात घातलाच तर तो मनगटाशी अडकावा. कितीही घाईचं काम असो, पेटीशिवाय त्यांच्या दुकानातून एकही दार बाहेर पडलं नाही.

त्यांची बायको बसस्थानकावर तिकीटखिडकीत होती, म्हणून तिला सगळे तिकीटबाई म्हणत. म्हणजे बघा, दिवसभर जाळीच्या अर्धगोल भोकातून लोकांचे नुसते हात बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गजांतून रस्ता बघायचा. बाई बोलायच्या नाहीत असं नाही. खूप बोलायच्या. पण पालथ्या घड्यावर पाणी! "तुला काय कळतंय, दिवस कसे आलेत," एवढं म्हणून ग्रिलवाले जेवायला बसत.

सुटलं होतं ते फक्त मागचं अंगण. स्वयंपाकघराच्या मागे, उंच भिंतीच्या आत, चार खुर्च्या मावतील एवढी मातीची जागा. भिंतीवर त्यांनी लोखंडी भाले उभे केले होते खरे, पण वर काही नव्हतं. निवृत्त झाल्यापासून बाई रोज दुपारी तिथं खुर्ची टाकून केस वाळवत, भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईशी मोठ्याने गप्पा मारत आणि मधूनच नुसत्या वर बघत बसत. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याकडे हट्टाने मागितलेली गोष्ट एकच. "या अंगणाला लोखंड लावायचं नाही." आणि ग्रिलवाल्यांनी ती पाळली होती.

मग बाईंनी स्वतःच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. बसस्थानकावरच्या एका जुन्या मैत्रिणीची बदली झाली आणि जाताना तिने पाच तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, खोक्यात घालून बाईंच्या हाती दिल्या. बाईंना त्या आवडल्या. आवडल्या म्हणजे इतक्या, की पहिल्या रात्री खोकं पलंगाजवळ ठेवून त्या झोपल्या.

"अहो, ते जुनं कपाट आहे ना, त्याची मागची फळी काढून जाळी ठोकली की झालं खुराडं," त्या म्हणाल्या. "जरा पुढे फिरायला जागा. तेवढं द्या करून."

ग्रिलवाल्यांचे डोळे चमकले. तिथंच बाईंनी सावध व्हायला हवं होतं. हल्ली लोक घरांना कॅमेरे लावत होते, काचेच्या सरकत्या खिडक्या घेत होते. ग्रिलला कोण विचारतो? दुकानात दिवस दिवस माशा मारायची वेळ आली होती. अशात घरातूनच काम आलं.

"कपाट?" ते म्हणाले. "लाथ मारली तर मोडेल ते."

"कोंबड्यांना लाथ कोण मारतंय?"

"चोर."

आठवडाभर खटपट करून त्यांनी खुराडं आणलं. आणायला चार माणसं लागली. जाडजूड चौकट, उभे गज, कोपऱ्यांत वेलबुट्टी. तिजोरीच्या दाराला लाजवील असं दार. कोंबड्या आत सोडल्या, दार लावलं, कडी घातली. पाचही जणी गजांमधून सरळ चालत बाहेर आल्या आणि बाईंच्या पायाशी माती उकरू लागल्या.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, माणसाचं डोकं धरून गज लावलेत तुम्ही!"

"पण चोर आत जाईल का सांग," ग्रिलवाले म्हणाले.

मग गजांवर बारीक जाळी आली. मग भिंतीखालच्या मोरीच्या भोकातून शिरून एका कुत्र्याने रात्रीतून खुराड्याखालची माती उकरली. कोंबड्या वाचल्या त्या कुत्र्याच्या आळसामुळे. "चोर खालून येत नाही," हे उत्तर ऐकून बाईंचं डोकं फिरलं. पदर खोचून त्यांनी स्वतःच चहूबाजूंनी चर खणला, जाळी वीतभर जमिनीत गाडली आणि वर दगड रचले. ग्रिलवाले शेजारी उभे राहून, दगड सरळ रेषेत नाहीत, एवढं सांगत होते.

खुराड्यापुढच्या फिरायच्या जागेवर मात्र छप्पर लागणारच होतं. एक घार रोज डोक्यावर घिरट्या घालत होती. "वरून जाळी टाका, कोंबड्यांपुरती," असं बजावून बाई लेकीकडे गेल्या. लेकीच्या मुलाला ताप होता. जाताना पुन्हा दारातून वळून म्हणाल्या, "कोंबड्यांपुरतीच."

परत आल्या, पिशवी स्वयंपाकघरात टेकवली आणि मागचं दार उघडलं, तर अंगणात जायला नवं लोखंडी दार होतं. आणि त्याच्यापलीकडे वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गज. आभाळाचे चौकोन झाले होते.

"आता करतोच आहे तर म्हटलं सगळंच करून टाकू," ग्रिलवाले मागून म्हणाले. या माणसाच्या तोंडी याहून धोकादायक वाक्य दुसरं नव्हतं. "कोंबड्यांना सगळं अंगण फिरायला मोकळं. आणि तुलाही बरं, भिंतीवरून कुणी उडी मारायची भीती नाही."

बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. "मला कधी भीती वाटली होती? कधी म्हणाले मी?"

"तू कशाला म्हणशील? मला दिसतं ना."

बाईंनी हात टेकले. दुपारची खुर्ची त्यांनी स्वयंपाकघरात घेतली. शिंपीणबाईने भिंतीपलीकडून हाका मारल्या, की डोकं दुखतंय म्हणायच्या. अंगणात जायच्या ते दाणे टाकायला आणि पाणी ठेवायला, तेही वर न बघता. आठवडे गेले, कोंबड्या अंडी देऊ लागल्या, ग्रिलवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला मागे नेऊन छप्पर दाखवू लागले. बाईंना तिथून विटून निघून जावंसं वाटायचं. जाणार कुठे?

आणि मग तो दिवस आला. नव्या दारालाही ग्रिलवाल्यांनी आपली नेहमीची कडी लावली होती. दार सोडलं की स्वतःच्या वजनाने बंद व्हायचं आणि कडी आपोआप पडायची, कारण बायकोच्या विसराळूपणावर त्यांचा भरवसा नव्हता. कडी स्वयंपाकघराच्या बाजूला. तिच्याभोवती अर्थात पत्र्याची पेटी. हात सवयीने चालला होता. पलीकडच्या बाजूला चोर नसून आपली बायको असणार, हे त्या हाताला कुणी सांगितलंच नाही. बाई रोज दाराला वीट लावत. त्या दिवशी दोन्ही हातांत पाण्याची बादली होती. मागे खट्ट वाजलं.

बाईंनी गजांतून हात घातला. मनगटाशी अडकला. डावा घातला, तोही अडकला. तेल नाही, साबण नाही. फोन ओट्यावर वाजत होता, तो ऐकू येत होता.

"अहो शिंपीणबाई!" त्यांनी हाक मारली. शिंपीणबाई पलीकडे स्टुलावर चढली, भिंतीवर तिचं डोकं आलं, गळ्यात टेप, दातांत टाचणी. सगळं ऐकल्यावर तिने भिंतीवर पाय टाकायचा विचार केला, भाल्यांकडे आणि वरच्या गजांकडे बघितलं आणि विचार सोडला.

"ताई, पुढच्या दाराने येऊ?"

"त्याला आतून तीन कड्या आहेत. बोळाकडच्या दाराची किल्ली यांच्या खिशात."

"तुमच्या यांना फोन लावते." लावला. पण कटरच्या आवाजात ग्रिलवाल्यांनी आजवर कुणाचा फोन उचलला असेल तर शपथ. "मग मी दुकानावर जाते रिक्षाने. बसून राहाल का अशा?"

बाई निघा म्हणणार होत्या. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. कितीतरी दिवसांनी गेलं. आणि त्या म्हणाल्या, "नको. येऊ देत त्यांच्या वेळेला. बघू देत."

बादलीतलं पाणी कोंबड्यांच्या टोपात ओतून बाईंनी ती पालथी घातली आणि बसल्या. ऊन भिंतीवरून उतरलं. एक कोंबडी मांडीवर चढून बसली. राग आधी उकळत होता, मग मुरला, आणि मुरलेला राग जास्त चांगला असतो. काय बोलायचं ते सगळं जुळत गेलं.

संध्याकाळी ग्रिलवाले बोळाकडच्या दाराने, स्वतःच्या किल्लीने, घरात आले. "अगं," त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. "अगं, ऐकलंस का?" आवाज या खोलीतून त्या खोलीत गेला, आणि प्रत्येक खोलीत तो चढत गेला. बाईंना ऐकू येत होतं. ओ द्यावीशी वाटली, पण दिली नाही. शेवटी मागच्या दारात ते दिसले. हत्यारांची पिशवी खांद्यालाच होती, चेहरा पांढरा पडला होता.

"इथे आहेस होय!" ते म्हणाले. मग कडी बघितली, बायकोच्या मनगटावरचे ओरखडे बघितले, आणि सगळा प्रकार ध्यानात आला. आणि काय बोलावं या माणसाने? "बघ. हात जात नाही म्हणजे नाहीच जात."

"या ना, आत या," बाई शांतपणे म्हणाल्या. "अंडी घ्या पिशवीत."

"चल ऊठ, बाहेर ये."

"मी येत नाही."

"वेडेपणा करू नकोस." तिला हाताला धरून उठवावं म्हणून ते तरातरा आत आले. मागे खट्ट वाजलं.

ग्रिलवाले जागच्या जागी थांबले. वळले, गजांतून हात घातला. जाडजूड, भाजलेला, चट्टे पडलेला तो हात बोटांच्या मुळाशीच अडकला. भिंतीपलीकडे शिंपीणबाईला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत.

"करवत आहे पिशवीत," ग्रिलवाले खाली बघत म्हणाले. "पेटी कापतो. दहा मिनिटांचं काम."

बाई उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी वरचं."

"वरचं कापून बाहेर कसं जाणार?"

"मला बाहेर जायचंच नाही. मला इथं बसायचंय. नोकरीत जाळी होती, ती पोटासाठी होती, मी कधी कुरकुर केली नाही. घरात गज लावलेत, सहन केलं. एवढंसं अंगण मागितलं होतं तुमच्याकडे. तेही तुम्ही कोंबड्यांच्या नावावर खाल्लंत."

ग्रिलवाल्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग कुणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाले, "तुझ्यासाठी काही करावं म्हटलं, तर मला दुसरं येतंच काय?"

आता याचं काय करायचं, सांगा. दुपारभर जुळवून ठेवलेलं बाईंचं सगळं बोलणं वाया गेलं. त्या रागाने लालबुंद झाल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतक्या वर्षांत कधी हा माणूस हे बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं!

"येत नाही तर शिका," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "खुराड्यापुढचं तेवढं छप्पर राहू दे. बाकी काढा."

"उद्या कटर आणतो. करवतीने काय होतंय?"

"आज. करवतीने."

ग्रिलवाल्यांनी दाराकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. पिशवी उघडली, बादलीवर चढले आणि आपणच वेल्डिंगचा डाग दिलेल्या जोडावर करवत ठेवली. लोखंडाचा कीस खाली बाईंच्या केसांत पडू लागला. कोंबड्या कलकलाट करत खुराड्यात पळाल्या. खांदा भरून आला तेव्हा ते थांबले, धापा टाकत. एक गज मातीत पडला होता.

"झालं?" त्यांनी खाली न बघता विचारलं.

"कापत राहा," बाई म्हणाल्या, "मी बादली धरलीय."