खळग्यातला मासा

त्या राखीव किनाऱ्यावर आम्ही एका दिवसापुरते गेलो होतो. काळ्या, धारदार खडकांतून चालताना एका खळग्यात ओंजळभर पाणी दिसलं आणि त्यात बोटाएवढा मासा. त्याला वळायलाही जेमतेम जागा होती.

सोबतचे रखवालदार काका म्हणाले, "पुनवेच्या उधाणात वर आला असेल. आज अष्टमी, भांगाची भरती. ती इथवर चढत नाही. आता अवसेलाच सुटेल."

"तोवर?"

"इथलं काही हलवायचं नाही, ताई."

समुद्र वीस पावलांवर गर्जत होता. मला राहवेना. काकांची पाठ वळताच मी बाटलीतलं पिण्याचं पाणी खळग्यात ओतू लागले. अर्धी बाटली रिकामी झाली तोच काका वळले.

"अहो, गोडं पाणी! खाऱ्यातल्या जिवाला ते सोसत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसतेच उकिडवे बसून बघत राहिले. मीही बसले. माझ्याजवळ माया होती, पण ती सगळी नळाच्या पाण्याची.

चारला बस सुटली. घसा कोरडा पडला होता. बाटलीत अर्धं पाणी शिल्लक होतं. मला ते प्यायवलं नाही.