केसाची जाडी

बाबांचं तेरावं शनिवारी झालं आणि सोमवारी मी कॉलेजला गेले. आईच म्हणाली, "घरात बसून काय करणार आहेस? जा."

बाबा अंधेरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर टर्नर होते. मशीनवर उभे असतानाच छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी कँटीनमध्ये डोसा खात होते. तो डोसा मी संपवला आणि मग उठले. तेव्हापासून मला काही वाटतच नव्हतं. कांजूरच्या आमच्या खोलीत बायका यायच्या, मला जवळ घेऊन रडायच्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे.

सोमवारी फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजायचा. माझी पार्टनर वाकोल्याची. ती म्हणाली, "तू बस गं, मी करते दोघींचं."

"नको. मी घेते रीडिंग."

तार जबड्यात धरली, मागची घुंडी टकटक वाजेपर्यंत फिरवली, आकडा वाचला. तोच आकडा खाली आणखी चार वेळा लिहिला आणि वही सरांपुढे ठेवली.

"पाचही सारखी?" सर म्हणाले. "एकदा मोजलंस आणि उतरवून काढलंस ना?"

"हो."

त्यांना बहुतेक नकाराची अपेक्षा होती. पार्टनर बोलायला लागली, "सर, हिचे बाबा..." मी तिचा हात दाबला.

सरांनी वही परत दिली. "तार सगळीकडे सारखी नसते. जागा बदलून घे. आणि आधी झिरो एरर बघ, जबडा मिटल्यावर शून्य जुळतं का ते."

मी पुन्हा बसले. दर वेळी शेवटचा आकडा थोडा हलत होता. पाच रीडिंग व्हायला पाऊण तास लागला. एवढा वेळ माझं डोकं एका जागी थांबलं होतं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. बरं वाटलं असं नाही, पण घड्याळाकडे पाहिलं तेव्हा लॅब रिकामी झाली होती आणि पार्टनर दारात माझी बॅग घेऊन उभी होती.

पुढच्या रविवारी बाबांच्या बरोबर काम करणारे एक काका आले. प्लास्टिकच्या पिशवीत बाबांचा डबा, कामावरच्या चपला आणि एक लाकडी पेटी. पेटीत मायक्रोमीटर होता.

"हा शेठचा नाही, वहिनी. त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेला. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

आईने तो कधीच पाहिला नव्हता. मीही नाही. बाबा घरी कामाचं काही बोलायचे नाहीत. आले की आंघोळ आणि टीव्ही. मी मायक्रोमीटर हातात घेतला. कॉलेजच्या स्क्रू गेजसारखाच, फक्त अलगद फिरणारा. जबडा मिटवून शून्य पाहिलं. बरोबर जुळत होतं.

काका म्हणाले, "तुला वाचता येतो?"

"हो, शिकवलाय."

"मग मोजून दाखव काहीतरी."

मी इकडेतिकडे पाहत होते. आईने वेणीतून एक केस तोडला आणि माझ्यापुढे धरला. मी तो नीट बसवला, घुंडी वाजली.

"शून्य पॉइंट शून्य सहा मिलिमीटर."

"म्हणजे किती?" आईने विचारलं.

"बारीक," मी एवढंच म्हणाले.

"त्यांचा जाड होता," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

काका चहा पिऊन निघाले तेव्हा आईने पेटी त्यांच्याच हातात दिली. "तुमच्या कामाला येईल. इथे काय उपयोग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो ठेवून घ्यावा असं वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. वाटलं मात्र नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी पास झाले, मार्क बरे पडले. रडू आलं ते पुढच्या वर्षी, भांडुपजवळ रिक्षात, सिग्नलला. कशावरून ते आठवत नाही. रिक्षावाल्याने पाण्याची बाटली मागे दिली, मी दोन घोट प्यायले आणि झाकण लावून परत केली.