पाहुण्यांसाठी म्हणून केलेला बाक

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी हसत हसत विचारलंत, "आजी, एक बाक करायला एवढे दिवस? ऑनलाइन मागवायचा ना." बाळांनो, ते इतकं सोपं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती. फोनवर सांगायला गेले की आजोबा मागून स्वतःची बाजू मांडू लागतात, म्हणून पहिल्यापासून क्रमाने लिहिते.

आजोबा न्हाणीत पडले आणि त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्हाला माहीत आहे. आता काठी घेऊन ते बरे चालतात. अडचण चालण्याची नाही, उठण्याची आहे. ठेंगण्या जागेवर बसले की त्यांना उठता येत नाही. पूर्वी रोज संध्याकाळी आर्वीच्या आपल्या घरी फाटकापाशी त्यांची मंडळी जमायची, सगळे निवृत्त आणि सगळे एकाच वेळी बोलणारे. ऑपरेशननंतर आजोबा पहिल्यांदा त्यांच्यात जाऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. उठताना खुर्चीचे पाय फाकले आणि दोघा मित्रांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं. यात कुणाचं काही चुकलं नाही. पण त्या दिवसापासून आजोबा बाहेर बसायला गेले नाहीत. कधी डास आहेत म्हणायचे, कधी बातम्या ऐकायच्या आहेत म्हणायचे. मंडळी फाटकातून हाक मारायची आणि मी दारात जाऊन काहीतरी कारण सांगायची. पुढे पुढे हाकाही कमी झाल्या.

तेव्हा मी ठरवलं की फाटकापाशी एक जड, जागचा न हलणारा बाक हवा. नेहमीच्या बाकापेक्षा उंच, आणि दोन्ही बाजूंना धरून उठता येईल असे भक्कम हात असलेला. लोखंडाचा बाक उन्हाळ्यात असा तापतो की त्यावर बसवत नाही. सिमेंटचे मिळतात ते ठेंगणे आणि बिनहातांचे. राहिलं लाकूड. आपल्याकडे उघड्यावर ठेवलेल्या लाकडाला मे महिन्यातलं ऊन, पावसाळा आणि जमिनीतून चढणारी उधई, म्हणजे वाळवी, हे सगळं सोसावं लागतं, म्हणून ते नीट पारखून घ्यायला हवं होतं. एवढं माझ्या डोक्यात स्पष्ट होतं.

फक्त आजोबांना 'हा तुमच्यासाठी' असं म्हणायची सोय नव्हती. "मले का झालं?" म्हणून त्यांनी सुताराला फाटकातूनच परत पाठवलं असतं. मग मी जाहीर केलं की बाक येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे.

तिथून सगळं बिघडलं.

सुतार आला तो सागाची फळी घेऊन. आजोबा काठी टेकत बाहेर आले आणि त्यांनी कारभार हातात घेतला. "पाहुण्याइसाठी हाय तं दिसाले चांगला पाह्यजे. सागच घे."

मी फळी उलटून पाहिली. एका कडेने चांगला चार बोटं पांढरा पट्टा होता. सागाचं टिकतं ते आतलं तपकिरी लाकूड. बाहेरचा पांढरा भाग उधई आवडीने खाते. मी सुताराला तो पट्टा दाखवला.

"काकू, त्याच्यावर पॉलिश मारलं का काईच दिसत नाई," तो म्हणाला.

"तुम्हाला दिसत नाही. उधईला दिसतं."

"मंग पूर्ण पिकला साग आना लागते. तो हप्त्यात भेटत नाई."

मी म्हटलं, थांबू. आजोबा म्हणाले, थांबायचं काऊन? मी म्हटलं, बरं, निदान बाकाला हात करा. आजोबा म्हणाले, "हात काऊन? हातानं जागा अडते. चार जनं बसले पाह्यजे." मी म्हटलं, उंच करा. "उंच कायले? ठेंगना असला तं पाहुना पाय पसरून बसते." जी जी गोष्ट मी ज्यांच्यासाठी मागत होते, तेच ती एकेक करून खोडत होते, आणि मला का ते सांगता येत नव्हतं. सुतार दोघांकडे आळीपाळीने पाहून डोकं खाजवत होता.

त्यात तुमचे तळेगावचे धाकटे आजोबा आले. भावाकडे बाक होतोय हे कळल्यावर ते स्वस्थ बसणार थोडेच. ट्रॉलीतून शेताच्या धुऱ्यावरचा कडुनिंब कापून घेऊन आले.

"वहिनी, कडूलिंब हाय. उधई तोंड नाई लावत."

"भाऊजी, हे कधी तोडलं?"

"परवा."

"अहो, ओलं आहे हे. उन्हात वाकेल."

"वहिनी, तुमी पुस्तकातलं सांगता. आमी जनम शेतात काढला."

आजोबांनी भावाची बाजू घेतली. घरचं लाकूड आलं असताना विकतचं आणणं त्यांना पटेना. सुताराला ओलं लाकूड पटत नव्हतं, पण आजोबांपुढे त्याचं चाललं नाही. कडुनिंबाचा बाक झाला, ठेंगणा, बिनहातांचा. पंधरवड्यात उन्हाने त्याच्या फळ्या पन्हळासारख्या वाकल्या आणि एक पाय जमिनीवरून उचलला गेला. बसलं की बाक डुगडुगायचा. धाकटे आजोबा मुद्दाम पाहायला आले आणि त्या उचललेल्या पायाखाली त्यांनी चप्पट दगड सरकवला.

"झालं," ते म्हणाले. "पाहुन्याले घडीभर तं बसा लागते. का मुक्काम करून राह्यला तो बाकावर?"

आजोबा हसले. "आन जास्त येळ बसला तं हलवून उठोता येते."

आवाज चढवणं मला आवडत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "पाहुणे नाहीत. हा बाक तुमच्यासाठी होता. तुम्हाला उठता येत नाही, म्हणून तुम्ही बाहेर बसत नाही. चार महिने झाले. मंडळींना सांगायला माझ्याकडे आता कारणं उरली नाहीत."

आजोबांचा चेहरा आधी रागाचा झाला, मग वेगळाच झाला. बोलले ते धाकटे आजोबा.

"वहिनी, हे पयले सांगतलं असतं तं मी हे लाकूड आनलं असतं काय? पाहुन्यासाठी म्हनलं म्हून आनलं."

"मग दुसरं कोणतं होतं?"

"गोठ्यामागं बाभूळ हाय. नाल्याच्या डोहात बुडवून ठेवली होती, मंग सावलीत वाळोली. बंडीसाठी ठेवली. दादासाठी हाय तं घेऊन येतो ना."

बैलबंडी त्यांच्याकडे आता कुणी वापरत नाही. सगळं ट्रॅक्टरवर चालतं. तरी ते बाभळीचं खोड त्यांनी इतकी वर्षं कुणाला दिलं नव्हतं. म्हणजे पाण्यात मुरलेलं, न वाकणारं योग्य लाकूड सुरुवातीपासून तळेगावात पडलेलं, आणि माझ्या 'पाहुण्यांनी' ते अडवून धरलेलं. मला कुणावर चिडावं तेच कळेना.

आजोबा उठून आत गेले. मला वाटलं आता दोन दिवस बोलणार नाहीत. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अवं, टेप कुठं ठेवला?" जाऊन पाहते तर ते जेवणाच्या खुर्चीवर एक उशी ठेवून बसत होते, उठत होते, मग दोन उशा ठेवून पुन्हा बसत होते. दोन उशांवर त्यांना काठीशिवाय उठता आलं. त्यांनी मला उंची मोजायला लावली. हात किती उंच हवेत तेही मोजायला लावलं, आणि टेप वाकडा धरते म्हणून बोलणीही ऐकवली.

बाभूळ आली. कापली तेव्हा आतून गडद लाल निघाली. सुतार दिवसभर कुरकुरला की दर घडीला रंध्याचं पातं परजावं लागतं, असं लाकूड कुणी बाकाला वापरतं का. पॉलिश मी मारू दिलं नाही. जवसाचं तेल दोनदा पाजलं, आणि पायांखाली फरशीचे तुकडे दिले, म्हणजे ओल आणि उधई थेट लाकडाला लागणार नाही. तयार बाक उचलायला चौघं लागले.

पहिले काही दिवस त्यावर कुणीच बसलं नाही. आजोबा खिडकीतून पाहायचे. काल संध्याकाळी मी पोळ्या करत असताना ते काठी घेऊन बाहेर पडले. मंडळींपैकी दोघे रस्त्याने चालले होते, ते फाटकातून आत आले. बोलणं सुरू झालं आणि लगेच भांडणासारखं ऐकू यायला लागलं, म्हणजे सगळं ठीक होतं.

अंधार पडायला आला तशी मी दारात जाऊन उभी राहिले. मित्र निघाले. त्यातल्या एकाने आजोबांना हात पुढे केला. आजोबांनी तो पाहिला, पण धरला नाही. दोन्ही हात बाभळीवर दाबले, जरा पुढे झुकले, थांबले. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडलाच होता. मग ते उभे राहिले. मित्राने काठी हातात दिली तेव्हाही त्याच्याशी वाद चालूच होता.

मी आत येऊन ताटं घेतली. आजोबा आले, हात धुतले आणि म्हणाले, "त्या सुताराले सांगजो, बाकाच्या उजव्या हाताची कड घासून दे म्हना. रोज बसा लागते मले तिथं."