बंद तारेतली वीज

वायरमन दर रविवारी थोरल्या बहिणीकडे जायचा. भाचीसाठी काहीबाही न्यायचा, कधी जुना बल्ब, कधी सेल. पोर नऊ वर्षांची. सारखी प्रश्नांची भुणभुण लावते म्हणून वडिलांनी तिचं नाव भुंगी ठेवलं होतं. वडील लाइनमन होते. दोन वर्षांपूर्वी वादळात तुटलेली तार जोडताना घरामागच्या रस्त्यावरच्या खांबावर विजेचा धक्का बसून ते गेले. देवाने माणूस नेला, भुणभुण तेवढी मागे ठेवली.

त्या रविवारी भुंगीला शाळेसाठी विजेवर लिहायचं होतं. बहीण आत भांडी घासत होती.

"मामा, वीज म्हणजे काय ते सोप्पं सांग. आमच्या बाईंना कळेल असं."

"बाईंना? मग फारच सोपं करावं लागेल." त्याने सेलला तार आणि बल्ब जोडला. "हे बघ, वीज मोठी घरकोंबडी. परत यायची वाट असेल तरच बाहेर पडते. वाट तोडली की संपलं."

बल्ब विझला. भुंगी हसली.

मग तो म्हणाला, कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफेने चाक फिरतं, त्यातून वीज होते. पण त्या धुराची पृथ्वीवर गोधडी होते. आतली ऊब बाहेर पडत नाही, समुद्र तापतो.

"म्हणून बाबांच्या वेळचं वादळ आलं?"

"एकाच वादळाचं नाही गं सांगता येत. पण गोधडी जाड झाली की वादळांना जोर चढतो."

भुंगीने तेही लिहिलं. मग पेन्सिल चावत म्हणाली, "वर्गात म्हणतात, तुझे बाबा तार जोडण्याआधी लाइनचा फ्यूज काढायला विसरले. आई म्हणते, ते कधीच विसरायचे नाहीत. फ्यूज काढला तर वाट तुटली ना? मग वीज आली कुठून?"

वायरमन सेलची तार गुंडाळू लागला.

वीज कुठून आली ते त्याला माहीत होतं. त्या वादळाने तीन दिवस वीज नव्हती, भुंगी तापाने फणफणलेली. लाइनमन कामावर. वायरमनने जनरेटर आणला आणि घाईघाईत घरच्या तारांना जोडला. मध्ये एक वेगळा स्विच लागतो, घराकडचं दार उघडताना रस्त्याकडचं बंद करणारा. दुकानं बंद होती. उद्या बसवू म्हणून तो निघून गेला. तोवर मेन स्विच बंद ठेव, एवढंही बहिणीला सांगायचं राहिलं. तिने जनरेटर चालू केला. पंखा फिरला, आणि तीच वीज उलट्या वाटेने खांबापर्यंत गेली.

चौकशीची माणसं यायच्या आत त्याने जनरेटर उचलून नेला. फ्यूज काढायचा राहिला असावा, असं लिहून ती माणसं मोकळी झाली. बटण बहिणीच्या हातून दाबलं गेलं, तिला कळलं तर ती जगायची नाही, असं तो मनाला बजावत आला. देवापुढे हात जोडले की मात्र ते कारण अपुरं पडायचं.

"मामा, सांग ना."

"आपल्या घरातून आली," तो म्हणाला. "जनरेटर मी जोडला होता. चुकीचा."

"तुला माहीत होतं चुकीचा आहे?"

"हो."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. बहीण ओल्या हातांनी दारात आली.

"आणि चालू मी केला होता," ती लेकीला म्हणाली.

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"लाइनमनची बायको होते मी. जनरेटर पळवलास तेव्हाच कळलं. आज बोलशील, आज बोलशील म्हणून दर रविवारी वाट पाहिली. तू आपला बल्ब आणायचास."

"तुझ्यासाठीच गप्प बसलो."

"आणि मी तुझ्यासाठी. आपण एकमेकांना सांभाळलं आणि ते विसरभोळे ठरले."

भुंगी दोघांकडे बघत होती. तिने वहीत लिहिलं, माझ्या बाबांनी फ्यूज काढला होता. मग विचारलं, "चूक मामाची असं लिहू?"

"लिही," वायरमन म्हणाला.

"आईची पण?"

"नको. तिला मी सांगितलंच नव्हतं."

"लिही," बहीण म्हणाली.

भुंगीने काहीच लिहिलं नाही. वही मिटून ती बाबा, बाबा करत रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. वायरमनने हात पुढे केला. ती आईच्या कुशीत शिरली.

तो उठला. लाइनमन जिथे कामाला होता, त्या वीज ऑफिसात रविवारीही नोंद लिहून घ्यायला एक माणूस बसलेला असतो. दोन वर्षांत वायरमन त्या रस्त्याने एकदाही गेला नव्हता. आज तो तिकडे चालू लागला.