अप्पांसाठी कातलेली पेनं

फणसाच्या लाकडाचा पिवळाधमक कीस कातायच्या चरकावरून सुटून काकांच्या मांडीवर साचत जाई आणि दारापुढच्या ओट्यावर त्याचा गोडसर, किंचित कडवट वास दरवळत राही.

काका मूळचे वीणेच्या खुंट्या कातणारे. पण त्या वर्षी, तंजावरच्या राजवाड्यामागल्या आमच्या बोळात, ते पेनं कातत होते — थोरल्या भावासाठी, म्हणजे माझ्या अप्पांसाठी. राज्य खालसा होऊन तीन पिढ्या लोटल्या होत्या. घराण्यापाशी उरली होती ती एक मोडीतली बखर, वाळवीने पोखरलेली, हात लावताच भुगा होणारी. अप्पा ती नव्या कागदावर उतरवीत होते. अकरा पानं राहिली आणि त्यांचा उजवा हात कापू लागला. मोडी जाणणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

काकांच्या मते दोष बारीक बोरूचा. थरथरत्या बोटांत तो ठरायचा कसा? म्हणून त्यांनी लाकूड आतून पोखरलं, शाई झिरपू नये म्हणून लाख फिरवली, मद्रासहून आणलेली निब बसवली. पहिलं पेन बोटाएवढं, मग अंगठ्याएवढं, शेवटचं तर चक्क लाटण्याएवढं. "छान उतरलंय रे," असं दर वेळी म्हणून अप्पा ते बाजूला ठेवीत.

लाटण्याएवढं मात्र त्यांनी मुठीत धरलं, एक ओळ ओढली, तीही भरकटत गेली. मग समोर बसलेल्या मला हळूच विचारलं, "तुज येतं का गं थोडंसं? पाहून पाहून?"

याच माणसाने, मी शिकायचा हट्ट धरला तेव्हा, "मुलीस कशास हवी मोडी?" म्हणून मला पाटीपुढून उठवलं होतं. मीही त्यांचीच लेक. रोज समोर बसून, उलट्या बाजूने पाहत, मी ते सारं वळण मुकाट्याने गिरवून घेतलं होतं... कुणाला पत्ता नव्हता.

"नाही, अप्पा," मी म्हणाले.

खोटं बोलताना मला गोड वाटलं. हो, वाटलं, आता कशाला लपवू? अप्पांनी पेनाला टोपण लावलं ते लावलंच. आमच्याकडे पडणाऱ्या कार्तिकातल्या पावसात ओल चढली, वाळवीने न उतरवलेली ती अकरा पानंही संपवली, आणि पुढल्या उन्हाळ्यात अप्पा गेले — घराण्याच्या बखरीचा शेवट आपल्या हातून बुडाला, असं समजून.

माझी नातवंडं आता तमिळच वाचतात. मी कधीमधी मोडीत ओळभर लिहून पाहते. अक्षर थेट अप्पांच्या वळणाचं येतं. ती अकरा पानं मी वाचली होती, सगळी. त्यांतलं एक वाक्यसुद्धा मला आठवत नाही.