तिसऱ्या गिअरात अडकलेली गाडी

थोरला भाऊ गॅरेज सोडून गेला, त्यानंतर मी एक लाकडी दांडकं करून घेतलं. एक टोक ब्रेकच्या पेडलवर, दुसरं सीटला टेकवायचं आणि मागं जाऊन बघायचं, दिवा लागला का. खरं तर वायरिंगचं काम दोघांचं. एकानं आत बसून दाबायचं, दुसऱ्यानं बाहेरून बघायचं. नव्वदनंतरची आठ-नऊ वर्षं आम्ही तसंच केलं. आतून तो ओरडायचा, "लागला काय रं?" मी म्हणायचो, "न्हाय, नेट लावून दाब की!" कोल्हापुरात कसबा बावड्यात आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. इंजिन तो बघायचा, वायरिंग मी.

मग एक जीप आली. तीन दिवस चालू होईना. तो म्हणाला, डिझेलचा पंप गेलाय. मी म्हणालो, वायरिंग. गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याच्यासमोर माझ्या तोंडातून गेलं, "आण्णा, तुला लायटीतलं काय कळतंय?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला, साबणानं हात धुतले आणि तो चालायला लागला. दुसऱ्या दिवशी कळलं, पंपच गेलेला. ते सांगायला मी त्याच्याकडं गेलो नाही. त्यानं कागलला हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं. आई वारली तेव्हा दोघांनी खांदा दिला, पण एकमेकांशी बोललो नाही. माझं लग्न जमलं नव्हतं. आईनंतर घरात मी एकटाच. दुपारी डबा खाताना रेडिओ लावायचो, तो कोणीतरी बोलत असावं म्हणून.

अशी सहा वर्षं गेली. एका उन्हाळ्यात मुरगूडहून एक बाई गाडी घेऊन आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लहानपणी पोलिओ होऊन डावा पाय अधू झालेला, म्हणून नवऱ्यानं त्यांच्यासाठी बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी जुन्यातली शोधून आणली होती. नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं.

"मिस्त्री, दहा-बारा किलोमीटर झालं की डॅशबोर्डवरचा दिवा मिचकायला लागतोय. मग गाडी तिसऱ्याच गिअरात अडकून बसतीया. सिग्नलवरून उठत न्हाय. तासभर थांबवली की परत नीट."

"कुणाला दाखवली?"

"पुण्यात दाखवली. गिअरबॉक्स बदला म्हणाले." गाडीच्या टपावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ही गाडी गेली तर मी घरातच बसले बघा."

तेव्हा कोल्हापुरात ऑटोमॅटिक गाड्या फार नव्हत्या. मी उभ्या आयुष्यात दोनच उघडल्या होत्या. पण गिअरबॉक्स आतून मोडला असता तर तासाभरानं आपोआप बरा कसा झाला असता? मी डॅशबोर्डखालच्या कपलरमधल्या, म्हणजे तारा जोडायच्या सॉकेटातल्या, दोन पिना तारेच्या तुकड्यानं जोडल्या. अशा गाड्या मग दिवा मिचकावून आपलं दुखणं सांगतात. मिचकावण्या मोजल्या. गिअर बदलायला गिअरबॉक्समध्ये विजेवर चालणाऱ्या दोन झडपा असतात, त्यातल्या एकीकडं वीज पोचत नाही, असं दिवा सांगत होता. पण मीटर लावून मोजलं तर सगळं बरोबर. झडप चांगली, तारही चांगली.

"सिस्टर, गाडी थंड हाय तवर काय सापडणार न्हाय."

त्या हसल्या. "मलेरियाचं रक्त थंडी-ताप चढलेला असतानाच घेतलेलं बरं. तसंच की."

आम्ही हायवेला निघालो. गाडी त्या चालवत होत्या, मी शेजारी मांडीवर मीटर घेऊन. कागलच्या अलीकडं दिवा मिचकायला लागला. मी गाडी एका लिंबाखाली घ्यायला लावली. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर भावाचं गॅरेज लागलं असतं.

बॉनेट उघडलं. गिअरबॉक्सपाशी तारेचा कपलर सोडवून थेट मोजलं, झडप ठीक. कपलर परत जोडून डॅशबोर्डखाली, गाडीच्या कॉम्प्युटरपाशी तीच तार मोजली, तर मीटरवर आकडाच नाही. म्हणजे तार मध्येच कुठंतरी तुटलेली. मीटर तिथंच लावलेला ठेवून त्यांच्या हातात दिला.

"आकडा आला की वरडायचं. गेला तरी वरडायचं."

मी बाहेर येऊन वायरींचा जुडगा वीत-वीत हलवत चाललो. इंजिन भट्टीसारखं तापलेलं. आतून आवाज नाही. बॅटरीखाली हात घातला, जुडगा थोडा दाबला.

"आला! पंधरा आला! गेला... परत आला, मिस्त्री!"

मी तसाच वाकून राहिलो. सहा वर्षांत गाडीच्या आतून मला कोणी हाक दिली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं आणि पुसायला हात काळे. त्यांना दिसू नये म्हणून बॉनेटच्या आडच उभा राहिलो.

बॅटरी काढली. तारेचं वरचं कव्हर धड होतं, पण कधीतरी ॲसिड झिरपून आतलं तांबं हिरवं पडून खाल्लं गेलं होतं. दोन-चार धागे उरलेले. गाडी तापली की तेही एकमेकांना सोडायचे. खराब तुकडा कापून नवी तार घातली, वर जाड नळी चढवली. मग गाडी चांगली तासभर पळवून बघितली. गिअर लोण्यासारखे पडत होते.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "एक सांगू? तुमच्याकडं मला कागलच्या मिस्त्रींनी पाठवलं. सांगू नका म्हणाले होते."

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका म्हणाले, वायरिंगमधलं हाय. बावड्यात माझा भाऊ हाय, तो शोधल्याबिगर सोडायचा न्हाय."

"आणि?"

"आणि काय न्हाय."

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गॅरेजला कुलूप लावून एसटीनं कागलला गेलो. तो ट्रॅक्टरखाली होता. माझे पाय ओळखले असावेत, कारण बाहेर न येताच म्हणाला, "बस. च्या सांगतो."

चहा आला. त्याचे केस पांढरे झाले होते. मी म्हणालो, "आण्णा, त्या जीपचा पंपच गेलता."

"मला ठावं हाय."

कप खाली ठेवून त्यानं विचारलं, "सिस्टरच्या गाडीचं काय निघालं?"

"बॅटरीखाली तार कुजलीती."

"व्हय?" म्हणाला, आणि बराच वेळ मान हलवत राहिला. परत ये असं मी म्हणालो नाही. तो आला असता असंही वाटत नाही. तिथं त्याचा चांगला जम बसला होता. उठताना तो म्हणाला, "जेवून जायचं की." मी म्हणालो, "कुलूप लावून आलोय." कुलूप लावलेलं असताना घाई कसली, हे त्यालाही कळलं असणार. पण त्यानं विचारलं नाही.

सिस्टर पुढं पाच-सहा वर्षं ती गाडी चालवत होत्या. बावड्याकडनं जाताना हॉर्न वाजवायच्या.